"आरं रोल संपंल की!" : जुन्या साध्या कॅमेऱ्यांचे अनुभव सांगा

मांजराकाठची:
परवा येळवशीला (वेळ अमावास्येला) शेतात सगळे जमलो होतो. भज्जी-आंबील हाणून झालं आणि भाचा मोबाईल घेऊन सुटला, एकाच पोजचे खटाखट पंधरा-वीस फोटो. तर मोठे मामा कडब्याच्या कोपीतून ओरडले, "आरं हळू, रोल संपंल की!" पोरं येड्यागत बघाय लागली आणि आम्ही चाळिशी-पन्नाशीतले सगळे हसून हसून आडवे.

मामांकडं आग्फा क्लिक थ्री होता. ज्यांनी बघितला नाही त्यांच्यासाठी सांगते, काळा डबा, १२० चा रोल, त्यात चौकोनी १२ फोटो. मागं एक छोटी लाल खिडकी, पुढचा आकडा तिथं दिसेपर्यंत चावी फिरवत बसायचं. पुढं ऊन आणि ढग अशी चित्रं, आपण फक्त आभाळाकडं बघून ठरवायचं. सेल नाही, फोकस नाही. मामा आधी सगळ्यांना बांधावर उभं करणार, मग ऊन आपल्या पाठीमागं घेणार, मग आत्याला पदर नीट करायला लावणार, मग म्हणणार हलू नका, तोवर कुणाचं तरी धाकटं भोकाड पसरणार. त्या बारा फोटोत येळवस, पोळा, थोरल्या ताईचं डोहाळजेवण सगळं बसवायचं. एका वर्षीच्या रोलात राजा बैलाचे तीन फोटो आहेत आणि माझा फक्त उजवा हात.

तो कॅमेरा मी मागून घरी आणलाय. खटका अजून वाजतो. सध्या कुणी असले कॅमेरे वापरतंय का? जुने किस्से असले तर तेही येऊ द्या.

परभणीकर_भाऊ:
आग्फा जर्मन कंपनी. जगात जर्मनी, भारतात परभणी. म्हणजे अर्धा कॅमेरा आमचाच हाय ताई, देऊन टाका.

हायपो_काका:
भाऊ, आपल्याकडं विकले गेले ते क्लिक थ्री बडोद्यात बनायचे. तुमचा हिस्सा गुजरातला गेला.

परभणीकर_भाऊ:
घ्या. उद्योगधंदे तिकडंच जातेत सगळे.

धारूरची_सून:
आमच्याकडं कोडॅकचा केबी टेन होता, दीर पुण्याला शिकायला होते त्यांनी आणलेला, दोन पेन्सिल सेल घातले की फ्लॅश कुंईईई असा आवाज करायचा आणि नारिंगी दिवा लागला की मगच दाबायचं, तोवर सासूबाई कंटाळून उठून भाकरी उलटायला जायच्या म्हणून आमच्या घरातल्या सगळ्या जुन्या फोटोत सासूबाई एकतर पाठमोऱ्या आहेत नाहीतर नाहीतच. ३६ चा रोल असला तरी सुरुवातीला बेतानं गुंडाळला की ३७-३८ निघायचे, तो वरचा एक म्हणजे फुकटचा, त्याच्यासाठी भांडणं. आणि रोल संपवायचा म्हणून शेवटचे दोन-तीन कशाचेही काढायचे, माठाचा, सायकलचा, शेजारच्या कुत्र्याचा. आज अल्बम उघडला की लग्नाच्या पंगतीपेक्षा त्या कुत्र्याकडंच बघत बसते मी. कुकर लावलाय, आले.

भोकरकर:
माळेगावच्या जत्रेत फोटोवाल्यांचे तंबू असायचे. मागं रंगवलेला पडदा, त्याच्यावर बंगला, कारंजं. पुढं पुठ्ठ्याची मोटरसायकल. आमचे वडील आयुष्यात सायकलीवर बसले नाहीत पण मोटरसायकलवर फोटो आहे, गॉगल लावून. गॉगलही तंबूवाल्याचाच.

धारूरची_सून:
पुढच्यानं घातलेला गॉगल तसाच घालायचा ना, आई गं :)

बिनपाण्याचा_लातूरकर:
मी वापरतो की. ब्लॅक अँड व्हाईट घालतो आणि घरीच धुतो, बाहेर टाकायची सोय कुठं राहिली, आमच्या गल्लीतला स्टुडिओ आता फ्लेक्स छापतो. कॅमेऱ्याचं काही अवघड नाही. अवघड आहे आपली हवा आणि पाणी.

डेव्हलपर, म्हणजे फिल्मवर चित्र उमटवणारं केमिकल, लागतो २० डिग्रीचा. मे महिन्यात गच्चीवरच्या काळ्या टाकीतून नळाला जे पाणी येतं त्यानं अंघोळ करताना हात भाजतो, तिथं २० डिग्री कुठून आणायचे. म्हणून उन्हाळ्यात मी नुसते फोटो काढतो आणि रोल फ्रीजमध्ये दह्याच्या डब्याशेजारी ठेवतो, धुवायला काढतो ते दिवाळीनंतर, सकाळच्या थंडीत. घाई असली तर घमेल्यात बर्फ टाकून त्यात केमिकलच्या बाटल्या उभ्या करायच्या, थर्मामीटर बुडवून बघत बसायचं.

पुढची गंमत म्हणजे पाणी. हायपोतून (चित्र पक्कं करणाऱ्या केमिकलमधून) काढल्यावर फिल्म वाहत्या नळाखाली धुवा असं जुन्या पुस्तकांत लिहिलेलं असतं. वाहता नळ! २०१६ ला मिरजेहून रेल्वेनं पाणी आलेलं गाव आहे आमचं, अर्धा तास नळ सोडला तर आई मलाच टाकीत बुडवील. मग इलफर्ड कंपनीची पद्धत सापडली. फिल्म असलेल्या झाकणाच्या डब्यात पाणी भरायचं, ५ वेळा उलटा-सुलटा करायचा, ओतायचं. परत भरायचं, १० वेळा. परत भरायचं, २० वेळा. झालं. ३५ एमएमच्या एका रोलला लहान डब्यात साधारण ३०० मिली लागतं, म्हणजे तीन पाण्यात मिळून लिटरभरसुद्धा नाही. ही पद्धत शोधणारा माणूस नक्की दुष्काळी भागातला असणार.

आणि ते पाणी तुळशीला घालू नका. आमच्या आजीनं बादली उचललीच होती.

नवखा_जालनेकर:
दादा मग लाल बल्ब लावता का? पिक्चरमध्ये दाखवतात तसा

बिनपाण्याचा_लातूरकर:
लाल दिवा कागदावर प्रिंट काढताना. फिल्मला लाल उजेडसुद्धा चालत नाही, मिट्ट काळोख लागतो. मी रात्री न्हाणीत बसतो, दाराच्या फटीला टॉवेल कोंबतो आणि फिल्म चाचपत चाचपत रीळावर चढवतो. एकदा डब्याचं झाकण बसलं की मग दिवा लावा, बाकी सगळं उजेडात होतं.

हायपो_काका:
लातूरकरांनी धुलाईचं बरोबर सांगितलं. बरीच वर्षं स्टुडिओ चालवला म्हणून थोडं वाढवतो. वापरलेलं हायपो फेकायचं नाही, त्यात फिल्मवरची चांदी उतरलेली असते. आमच्याकडं एक जण ठरलेला होता, कॅन भरून न्यायचा आणि त्यातून चांदी काढायचा. दवाखान्यातल्या एक्स-रेचंही तेच. बायको म्हणायची, गावभराच्या लग्नाची चांदी नळीतून वाहून गेली आणि माझं पैंजण काही झालं नाही.

त्या काळी उटीच्या सरकारी कारखान्याचा इंदू रोल यायचा, हिंदुस्थान फोटो फिल्म्सचा. स्वस्त पडायचा. ओळखपत्राच्या फोटोला आम्ही तोच घालायचो.

परभणीकर_भाऊ:
फिल्मच्या रिकाम्या डब्या कोणाला आठवतेत? आमच्या आजोबांनी दोन हेरून ठेवल्या होत्या, एकीत तंबाखू एकीत चुना. झाकण असं घट्ट की पावसात नांगरताना पण तंबाखू कोरडी.

भोकरकर:
आमच्याकडं तिळाचं बी ठेवायचे.

धारूरची_सून:
हिंग. अजून आहे. वास जात नाही.

वेरूळची_वाट:
शाळेची सहल अजिंठ्याला. सरांच्या गळ्यात याशिका एमएफ टू, अख्ख्या सहलीला एकच रोल. लेण्यात फ्लॅशला बंदी, आणि १०० च्या फिल्मला (हा आकडा कमी तितका उजेड जास्त लागतो) आत उजेड पुरायचा नाही, त्यामुळं सहलीचे सगळे फोटो बाहेरच्या पायऱ्यांवरचे, आत पद्मपाणीचं चित्र होतं ह्याचा काही पुरावा नाही. लेण्यातला माणूस दाराशी आरसा धरून उन्हाचा कवडसा आतल्या भिंतीवर फिरवायचा, ते मात्र डोळ्यात बसलंय.

त्यावरून आठवलं. रॉबर्ट गिल नावाचा इंग्रज अधिकारी १८४० च्या दशकात अजिंठ्याला आला, वर्षानुवर्षं बसून भिंतीवरच्या चित्रांच्या तैलरंगात मोठमोठ्या नकला काढल्या, आणि त्यातल्या बहुतेक १८६६ ला लंडनच्या क्रिस्टल पॅलेसच्या आगीत गेल्या. पण ह्याच गिलनं नंतर कॅमेराही हातात घेतला होता, दोन भिंगांचा, आणि ते लेण्यांचे फोटो १८६४ लाच पुस्तकात छापून गेले होते, ते टिकले. वीस-वीस वर्षांची मेहनत जळाली आणि डब्यातनं काढलेलं राहिलं. त्याची कबर भुसावळला आहे. अजिंठ्याला जाणाऱ्या निम्म्या लोकांना त्याच्या प्रेयसीची, पारोची गोष्ट माहीत असते, हे माहीत नसतं, त्याचा मला उगाच राग येतो.

मांजराकाठची:
भारी! पारोची तेवढी माहीत होती.

नळदुर्गी:
सगळे हसताय तर लिहू का नको असं झालं, पण लिहिते. माझं आजोळ किल्लारीच्या बाजूचं. ३० सप्टेंबर १९९३ नंतर घरात एकही फोटो राहिला नव्हता, घरच नव्हतं. तालुक्याला एक स्टुडिओवाले होते, ते लग्नाच्या ऑर्डरच्या निगेटिव्ह पाकिटात घालून बिल नंबरासकट जपायचे. मामा त्यांच्याकडं गेला आणि दोघांनी मिळून एका लग्नाची निगेटिव्ह शोधली, त्यात कडेला आजी उभी होती. चेहरा ज्वारीच्या दाण्याएवढा. तेवढाच मोठा करून दिला. रवाळ आलाय फोटो, डोळे नीट दिसत नाहीत, पण नथ दिसते. त्यांनी पैसे घेतले नाहीत. तिथं तेव्हा अशीच बरीच माणसं पाकिटं चाळत बसलेली असायची असं मामा सांगतो.

धारूरची_सून:
काय लिहू ताई. बरं केलंत लिहिलंत.

हायपो_काका:
निगेटिव्ह फेकू नका रे कुणी. घरात असतील तर कोरड्या जागी ठेवा, प्लास्टिकच्या पिशवीत कोंबू नका, दमटपणा धरला की बुरशी येते.

नवखा_जालनेकर:
मी तेवीस वर्षांचा, मला कोणी बोलावलं नाही तरी लिहितो. आठवडी बाजारात भंगारवाल्याकडून झेनिट कॅमेरा घेतला. उजेड मोजायचं मीटर बंद. मग ते उन्हाचं सूत्र वापरतो, कडक ऊन असलं की अ‍ॅपर्चर (भिंगाचं भोक) १६ वर आणि शटर फिल्मच्या आकड्याजवळचं, म्हणजे १०० च्या फिल्मला १/१२५. ढग आले की ११ नाहीतर ८. जालन्यात वर्षातले बरेच दिवस १६ वरून हात काढावाच लागत नाही. मित्र म्हणतात हजार रुपयांच्या रोलात ३६ फोटो, येडा झालास का. पण मोसंबीच्या बागेत आजोबांचा एक फोटो काढायला मी जेवढा वेळ त्यांच्याशी बोललो तेवढं मोबाईल हातात असताना कधी बोललो नव्हतो.

कलर रोल कुठं धुवायला टाकावा पण?

बिनपाण्याचा_लातूरकर:
कलर घरी नको, त्याला डेव्हलपर ३८ डिग्रीच्या आसपास लागतो आणि थोडंही इकडंतिकडं झालं की रंग बिघडतात. पुणे-मुंबईच्या लॅबला कुरिअर कर, स्कॅन मेलवर येतात. निगेटिव्ह परत मागव मात्र.

वेरूळची_वाट:
३८ डिग्री तर मे महिन्यात नळालाच येतं की.

बिनपाण्याचा_लातूरकर:
:) बारा वाजता ३८, दोन वाजता ४१. तेच तर.

भोकरकर:
मांजराकाठची ताई, येळवशीच्या भज्जीत तुम्ही चिंच घालता का? आमच्याकडं ताक. बायको विचारायली.

मांजराकाठची:
आंबट ताकच. आणि ओला हरभरा, तूर, वाल, वाटाणा, शेंगदाणे, जे रानात असंल ते, बेसन लावून. चिंच घालणाऱ्यांना आमची आत्या घरात घेत नाही.

परभणीकर_भाऊ:
लातूरकरांचं भज्जीवरून सुरू झालं म्हणजे धागा संपला.

धारूरची_सून:
थांबा, एक विचारायचं राहिलं. ह्या सगळ्यामुळं कपाटातून केबी टेन काढला. फ्लॅश कुंई करतो पण उडत नाही. उघडून बघू का? आमचे हे म्हणतात सेल काढले की काही होत नाही.

हायपो_काका:
अजिबात नको! सेल काढले तरी फ्लॅशच्या कपॅसिटरमध्ये तीनशे व्होल्टच्या आसपास दाब साठलेला राहतो. आमच्या दुकानातला पोरगा एकदा स्टुलावरून खाली आला होता. फ्लॅश विसरा, बाहेर उन्हात काढा फोटो.

धारूरची_सून:
अहो, ह्यांच्या हातात पेचकस आहे.

हायपो_काका:
काढून घ्या आधी.