सल्ला हवा : ना धड ‘तो’, ना धड ‘ती’ अशा पात्रांच्या शहरी कादंबऱ्या

पानगळ
वाचनगटासाठी पुस्तक शोधतेय. मुलगा की मुलगी, याचं एकच उत्तर ज्याला देता येत नाही किंवा द्यायचंच नाही, असं मुख्य पात्र हवं. अलीकडचं, भारतातल्या शहरात घडणारं. आत्मकथनं नकोत, ती वाचून झालीत. मराठी, हिंदी, इंग्रजी काहीही चालेल.

कडकचहा
सचिन कुंडलकरांची ‘कोबाल्ट ब्लू’ (२००६). डोळे झाकून घ्या. पुणं, एक पेइंग गेस्ट आणि त्याच्या प्रेमात पडलेले भाऊ-बहीण.

उपनगरी
कडकचहा, पुस्तक सुरेखच आहे हो, पण प्रश्न वेगळा आहे. तनयला, म्हणजे त्यातल्या भावाला, पुरुष आवडतो. आपण पुरुष आहोत का, हा घोळ त्याच्या डोक्यात नाही. आपल्याकडे हे सगळं एकाच खणात कोंबतात.

माझं मत अमृता पाटील यांच्या ‘कारी’ला (२००८). इंग्रजी चित्रकादंबरी. मुंबईसारखंच धुरकट शहर, जाहिरात कंपनीतली नोकरी, मैत्रिणींबरोबर वाटून घेतलेलं घर. आरशात बघताना कारीला प्रश्न पडतो, आज आपण हॉलिवूडच्या शॉन पेनसारखे का दिसत नाही? आणि लेखिका तिला कुठलंही लेबल चिकटवत नाही. ‘मला अखेर माझी ओळख सापडली’ छापाच्या शेवटांचा मला कंटाळा आलाय, म्हणून जास्तच आवडली.

चष्मिष्ट
अरुंधती रॉय यांची ‘द मिनिस्ट्री ऑफ अटमोस्ट हॅपिनेस’ (२०१७)? जुन्या दिल्लीतल्या आफताबची अंजुम होते, पुढे ती कब्रस्तानात गेस्ट हाऊस थाटते.

उपनगरी
अंजुमसाठी जरूर वाचा. पण मध्येच कादंबरी काश्मीरकडे वळते आणि अंजुम बराच काळ मागे पडते. गटात निम्मे लोक तिथेच गळतील.

पानगळ
आमच्याकडे सत्तरीचे दोन काका आहेत, चित्रकादंबरी म्हटल्यावर ‘चांदोबा का?’ विचारतील. हिंदीत काही?

चष्मिष्ट
मग चित्रा मुद्गल, ‘पोस्ट बॉक्स नं. २०३ नाला सोपारा’. २०१८चा साहित्य अकादमी पुरस्कार. घरच्यांनी लपवलेला, किन्नरांच्या हाती गेलेला विनोद दिल्लीहून आईला चोरून पत्रं लिहितो. टाळ्या वाजवून पोट भरायला तो ठाम नकार देतो. भाषणबाजी थोडी आहे, पण ‘बा’शी, म्हणजे आईशी, भांडणारी, लाडात येणारी पत्रं काकांनाही धरून ठेवतील. चर्चेलाही भरपूर ऐवज आहे.

पानगळ
ठरलं, नालासोपारा. ‘कारी’ मी स्वतःसाठी शोधते. पुण्यात कुणाकडे उसनी मिळेल का? कव्हर घालून परत करेन.