मदत हवी आहे: दोन नेटवर्क कार्डांच्या सर्व्हरवर टाओचा एंडपॉइंट आणि टाइमआउट पॉलिसी कशी द्यावी?

नमस्कार. सांगली जिल्ह्यातील एका साखर कारखान्याच्या वजनकाट्याची जुनी प्रणाली सध्या माझ्याकडे देखभालीसाठी आहे. सी-प्लस-प्लसमध्ये लिहिलेला तिचा सर्व्हर कोर्बावर (वेगवेगळ्या यंत्रांवरील प्रोग्रामना एकमेकांची फंक्शन्स बोलावू देणारे मानक) चालतो आणि ओआरबी, म्हणजे या कॉलची ने-आण करणारा भाग, म्हणून टाओ हे सॉफ्टवेअर वापरलेले आहे. काट्यावरचा क्लायंट भरलेल्या व रिकाम्या गाडीचे वजन सर्व्हरला कळवतो आणि सर्व्हर शेती विभागाच्या नोंदीशी ते ताडून पावती क्रमांक परत देतो. सगळे नव्याने लिहा, असा सल्ला कृपया देऊ नये. गळीत हंगाम तोंडावर आला आहे.

सर्व्हर नव्या यंत्रावर हलवल्यापासून अडचण सुरू झाली. या यंत्राला दोन नेटवर्क कार्डे आहेत: १९२.१६८.१.१० हा पत्ता कार्यालयाच्या नेटवर्कवर आणि १९२.१६८.५०.१० हा काट्याच्या नेटवर्कवर आहे. दोन्हींच्या मध्ये फायरवॉल असून ती नको असलेली पॅकेट्स काहीही न कळवता टाकून देते. नेमिंग सर्व्हिसमधून (नावावरून सर्व्हर शोधून देणारी सेवा) मिळालेला आयओआर, म्हणजे सर्व्हरचा पत्ता असलेला संदर्भ, मी कॅटआयओआर या साधनाने उलगडून पाहिला, तेव्हा त्यात दोन्ही पत्ते दिसले आणि कार्यालयाचा पत्ता पहिला होता. काट्यावरचा क्लायंट आधी त्याच पत्त्यावर जोडणी मागत दीड-दोन मिनिटे अडकून राहतो, मग दुसऱ्या पत्त्यावर जातो आणि काम होते. तोवर बाहेर ट्रॅक्टर-ट्रॉल्यांची रांग लागते आणि काटेवाला मला फोन करतो.

सर्व्हरने कोणत्या पत्त्यावर (एंडपॉइंटवर) ऐकावे हे सांगणाऱ्या -ओआरबीलिसनएंडपॉइंट्स या पर्यायात काट्याचाच पत्ता दिला, तर काटा सुरळीत चालतो, पण सर्व्हर केवळ त्याच कार्डावर ऐकत असल्याने कार्यालयातील क्लायंट बंद पडतात. दोन्ही बाजू सांभाळणारी मांडणी कोणती? शिवाय हा पर्याय दिल्यावर सर्व्हर आधी 'अनोळखी पर्याय' असे म्हणून बाहेरच पडत होता, म्हणून सध्या तो कोडमध्येच लिहून चाचणी घेतली आहे.

दुसरा प्रश्न वेळमर्यादेचा आहे. मूळ क्लायंटमध्ये रिलेटिव्ह राउंडट्रिप टाइमआउट पॉलिसी (कॉल पाठवल्यापासून उत्तर येईपर्यंतची कमाल वेळ) ५००० या किमतीने तयार करून सर्व्हरच्या संदर्भावर सेट-पॉलिसी-ओव्हरराइड्स हे फंक्शन बोलावलेले आहे. म्हणजे ५ सेकंदांत टाइमआउट यायला हवा, पण तो कधीच येत नाही. ही पॉलिसी टाओ मानत नाही का?

प्रतिसाद १

पॉलिसी टाओ मानतो. तुमच्या कोडमध्ये दोन चुका एकमेकींना झाकून बसल्या आहेत. सेट-पॉलिसी-ओव्हरराइड्स दिलेल्या संदर्भात बदल करत नाही, तर पॉलिसी लागू असलेला नवा संदर्भ परत देते. तो नॅरो करून (म्हणजे योग्य इंटरफेसच्या प्रकारात बदलून) पुढचे कॉल त्याच्यावरूनच करावे लागतात. परत आलेली किंमत टाकून दिली, तर जुना संदर्भ पूर्वीसारखाच अमर्याद वाट पाहतो. दुसरी गोष्ट अशी, की ही वेळ १०० नॅनोसेकंदांच्या एककात मोजतात. ५००० म्हणजे अर्धा मिलिसेकंद. ५ सेकंदांसाठी ५ कोटी लिहावे लागतील. पहिली चूक एकटीच दुरुस्त केलीत, तर जवळजवळ प्रत्येक कॉल टाइमआउटने परत येईल आणि दोष नेटवर्कला दिला जाईल. सगळ्याच कॉलना एक मर्यादा हवी असेल, तर ती ओआरबीच्या पॉलिसी मॅनेजरवर लावता येते. थ्रेडवर पॉलिसी करंटमधून लावलेली मर्यादा तिच्यावर मात करते आणि संदर्भावरची या दोन्हींवर. पावतीच्या कॉलला मात्र मी संदर्भावरच मर्यादा लावीन, कारण हंगामअखेरचा हिशेब मागणारा कॉल साहजिकच जास्त वेळ घेतो.

एंडपॉइंटसाठी होस्टची जागा रिकामी ठेवून असे द्या: -ओआरबीलिसनएंडपॉइंट्स आयआयओपी://:१२३४५/होस्टनेम_इन_आयओआर=काटासर्व्हर. सर्व्हर दोन्ही कार्डांवर ऐकेल, पण आयओआरमध्ये पत्त्याऐवजी हे नाव जाईल. मग प्रत्येक क्लायंटच्या होस्ट्स फाइलमध्ये त्या नावापुढे त्याच्या बाजूचा पत्ता लिहा. तुमचा पीओए (सर्व्हरमधील ऑब्जेक्ट सांभाळणारा भाग) पर्सिस्टंट, म्हणजे सर्व्हर पुन्हा सुरू झाल्यावरही संदर्भ टिकवणारा, असेल, तर पोर्ट ठरलेला असणे तसेही आवश्यक आहे. नाहीतर सर्व्हर पुन्हा सुरू झाल्यावर क्लायंटजवळचे जुने संदर्भ निरुपयोगी होतात.

'अनोळखी पर्याय' येण्याचे कारण बहुधा क्रमात आहे. प्रोग्राम स्वतःचे कमांड लाइनवरील पर्याय गेटऑप्ट या फंक्शनने आधी वाचतो आणि ओआरबी सुरू करणारे ओआरबी-इनिट नंतर बोलावतो, असे दिसते. ओआरबी-इनिट आधी आणा. ते -ओआरबीने सुरू होणारे आपले पर्याय यादीतून काढून घेते आणि उरलेलेच तुमच्या कोडकडे येतात.

धागाकर्ता

आभारी आहे. क्रम तुम्ही म्हणता तसाच उलटा होता. तो बदलल्यावर पर्याय कमांड लाइनवरून चालू लागला, कॅटआयओआरमध्ये आता फक्त काटासर्व्हर हे नाव दिसते आणि दोन्ही बाजूंचे क्लायंट लगेच जोडले जातात. पॉलिसीचे दोन्ही बदल एकत्रच करून आधी सुट्या काट्यावर चालवून पाहणार आहे. तिथे टाइमआउट आल्यावर तेच वजन पुन्हा पाठवले, तर सर्व्हरने दुसरी पावती फाडू नये, यासाठी क्लायंटने स्वतःचा विनंती क्रमांक सोबत पाठवावा, असा विचार आहे. कोणी असे केले असल्यास अनुभव जरूर लिहावा.