मित्रांबरोबर विजांचे फोटो काढायला जायचंय, सेटिंग आणि अंतर दोन्ही सांगा

रात्रकॅमेरा:
आम्हा चौघा मित्रांना विजांचं जबरदस्त वेड लागलंय. ढग भरून आले की गाडी काढून मोकळ्या माळाकडे पळतो, पण वीज चमकली म्हणून बटण दाबेपर्यंत ती गेलेली असते. डीएसएलआर, किट लेन्स आणि ट्रायपॉड आहे. सेटिंग काय ठेवायचं आणि वादळाच्या किती जवळ जायचं? आमच्यातला एक म्हणतो जितकं ढगाखाली जाऊ तितका फोटो भारी, मला ते पटत नाहीये.

शटरउघडा:
वीज बघून बटण दाबायचंच नाही, शटर आधीपासून उघडं पाहिजे. रात्री आयएसओ (सेन्सर प्रकाशाला किती संवेदनशील ते) १००, अ‍ॅपर्चर (लेन्सचं प्रकाश आत घेणारं भोक) एफ ८, एक्स्पोजर (शटर उघडं राहण्याचा वेळ) १५ ते ३० सेकंद, कंटिन्युअस मोड, आणि रिमोटचं बटण लॉक करून टाका, एक फोटो संपला की लगेच दुसरा सुरू. वीज किती उजळ येणार ते अ‍ॅपर्चर आणि आयएसओवर ठरतं, शटर जास्त वेळ उघडं ठेवलं तर फक्त आजूबाजूचं आकाश आणि जमीन उजळते. त्यामुळे वीज पांढरीफटक आली तर एफ ११ करा, म्हणजे भोक लहान होतं. लाँग एक्स्पोजर नॉइज रिडक्शन (लांब फोटोतले ठिपके काढणारी कॅमेऱ्यातली सोय) आठवणीने बंद करा, नाहीतर ३० सेकंदांच्या फोटोनंतर कॅमेरा आणखी ३० सेकंद अडकून बसतो. फोकस लांबच्या एखाद्या दिव्यावर लाइव्ह व्ह्यू (कॅमेऱ्याच्या स्क्रीनवरचं दृश्य) मोठा करून घ्या, मग मॅन्युअलवर टाकून रिंगला टेप लावा.

आडवाढग:
सेटिंग बरोबरच आहे, पण फोटो खरा ठरतो तुम्ही कुठे उभे आहात त्यावर. ढगाखाली गेलात की लेन्सवर थेंब आणि वर नुसता राखाडी रंग, आकार काहीच नाही. तेच १५-२० किमी बाजूला थांबलात तर अख्खा क्यूम्युलोनिंबस (गडगडाटी वादळाचा उंच ढग) दिसतो, वर ऐरणीसारखा पसरलेला माथा, खाली पावसाचा पडदा आणि त्याच्या कडेने उतरणारी वीज. रडारवर वादळ कुठे सरकतंय ते बघा आणि त्याच्या वाटेत न थांबता बाजूला राहा.

चमक आणि गडगडाट यांच्यातले सेकंद मोजून ३ ने भागा, तेवढे किमी. ३० सेकंदांच्या आत आलं की सगळे गाडीत, आणि शेवटच्या गडगडाटानंतर अर्धा तास बाहेर यायचं नाही. खरं तर गडगडाट ऐकू आला म्हणजेच तुम्ही टप्प्यात आहात, पाऊस नसलेल्या जागीही वीज पडते. पत्र्याच्या टपाची गाडी, काचा बंद, आतल्या धातूला हात नाही. गाडी वाचवते ती टायरच्या रबरामुळे नाही, वीज पत्र्यावरून बाहेरच्या बाहेर जमिनीत जाते म्हणून. ट्रायपॉड बाहेर, तुम्ही आत, रिमोट वायरलेस.

रात्रकॅमेरा:
वा, हे त्याला आत्ताच पाठवतो. दिवसा काय करायचं पण? १ सेकंदातच सगळं पांढरं होतं.

गडगडाट:
दिवसा एनडी फिल्टर (प्रकाश कमी करणारी गडद काच) लावून शटर जमेल तितकं लांबवा, नाहीतर लाइटनिंग ट्रिगर (वीज चमकताच शटर उघडणारं उपकरण) घ्या. एकाच वाटेने बहुतेक वेळा तीन-चार झटके पाठोपाठ येतात, म्हणून वीज थरथरल्यासारखी दिसते. ट्रिगर पहिला झटका ओळखतो आणि शटर पुढचे पकडतं, एकाच झटक्याची वीज मात्र निसटू शकते.

आणि चौघं आहात तर कामं वाटून घ्या, चालवणाऱ्याने कॅमेऱ्याला हातच लावायचा नाही, एकाने फक्त रडार बघायचं. टोर्नेडोंवर संशोधन करणारा टिम समारस फार सावध माणूस म्हणून ओळखला जायचा, तरी ३१ मे २०१३ ला अमेरिकेतल्या ओक्लाहोमात एल रेनोच्या टोर्नेडोने अचानक दिशा आणि वेग बदलला आणि तो, त्याचा मुलगा पॉल आणि सहकारी कार्ल यंग तिघंही गेले. म्हणून गाडी लावतानाच तिचं तोंड रस्त्याकडे ठेवा, आणि जिथून निघायला दोन वाटा नाहीत अशा जागी फोटो कितीही छान मिळणार असला तरी थांबूच नका.