अडुळशाचा रस का निघत नाही
वर विचारलंय की अडुळशाची ताजी पानं मिक्सरमधून काढली तरी रस निघत नाही, तर हो, तसंच होतं, नुसतं वाटून या पानांचा रस सहजी सुटत नाही. पानं आधी वाफवून घ्या, हिरवा रंग काळपट झाला आणि पान मऊ पडलं की फडक्यात घालून पिळा, मग रस लगेच सुटतो. चव मात्र प्रचंड कडू, म्हणून तर मधातून घेतात.

छातीत चिकटून बसलेला कफ पातळ होऊन सुटायला याचा पूर्वापार वापर आहे आणि हे नुसतं आजीबाईच्या बटव्यातलं नाही बरं का, अडुळशातल्या व्हॅसिसिन या द्रव्यावरूनच ब्रोमहेक्सिन हे कफ पातळ करणारं औषध तयार झालं जे आजही कफ सिरपमध्ये असतं.

पण एक अगदी कळकळीने सांगते, गरोदर बाईला हा रस अजिबात देऊ नका, व्हॅसिसिनमुळे गर्भाशय आकुंचन पावू शकतं. तान्ह्या बाळांनाही स्वतःच्या मनाने नको. आणि खोकला २ आठवड्यांच्या वर गेला, थुंकीतून रक्त दिसलं किंवा वजन उतरत असेल तर रस करत बसू नका, आधी डॉक्टरांकडे जाऊन थुंकी तपासून घ्या.