मुलाच्या टॅबला कुलूप लावलं, मग बाबांच्या फोनला का नाही?

शमी

मुलगा अकरा वर्षांचा, सहावीत आहे. २०२० साली त्याची पहिली स्क्रीनवरच भरली. तेव्हा घेतलेला टॅब अजून घरात आहे आणि शाळेचा गृहपाठही ग्रुपवर येत असल्यामुळे तो पूर्ण बंद करता येत नाही. दिवाळीच्या सुट्टीनंतर सकाळी त्याला उठवणं अवघड व्हायला लागलं. एका रात्री साडेबाराला पाणी प्यायला उठले तर त्याच्या पांघरुणातून उजेड येत होता. आवाज बंद करून यूट्यूबचे शॉर्ट्स, म्हणजे छोटे व्हिडिओ, चालले होते.

गेल्या रविवारी तो खाली क्रिकेट खेळायला गेला असताना बसले आणि दोन तासांत फॅमिली लिंक, म्हणजे मुलांच्या टॅब-फोनवर मर्यादा घालायचं गूगलचं ॲप, लावून टाकलं. शाळेच्या दिवशी सव्वा तास, रात्री नऊ ते सकाळी सात टॅब बंद, माझ्या मंजुरीशिवाय नवीन ॲप नाही, क्रोमवर अश्लील साइट्सना चाळणी, लोकेशन चालू.

तो वर आला, टॅब उघडला आणि गप्प झाला. रात्री जेवताना एवढंच म्हणाला, "बाबांच्या फोनला का नाही?" नवरा चिडला. सासूबाई म्हणाल्या, "याच्या बाबाच्या लहानपणी आपल्या टीव्हीला शटर होतं. परीक्षा आली की मी कुलूप लावून किल्ली डाळीच्या डब्यात ठेवायचे. कोणी काही बोललं नाही."

मला वाटतं मी बरोबरच केलं. निदान तेरा-चौदा वर्षांपर्यंत हे हवंच. पण त्याच्या प्रश्नाला माझ्याकडे उत्तर नव्हतं. तुम्ही काय करता?

पिंपळपान

शमीताई, बरोबर केलंत, अपराधी वाटून घेऊ नका. मी याच तंत्रज्ञानाच्या क्षेत्रात काम करतो. टीव्हीवरची मालिका अर्ध्या तासात संपायची, मग आई "चल, ऊठ" म्हणू शकायची. शॉर्ट्स संपतच नाहीत. एक झालं की बोट वर सरकतं आणि दुसरं सुरू. जिथे शेवट नाही तिथे तो बाहेरून आणावा लागतो, आणि अकरा वर्षांच्या मुलाला रात्री साडेबाराला तो स्वतःचा स्वतः आणता येत नाही. मोठ्यांनाही येत नाही.

एक गैरसमज मात्र आधीच दूर करतो. फॅमिली लिंकमधून मुलाचे मेसेज वाचता येत नाहीत, कॉल ऐकता येत नाहीत. वेळ, ॲप, चाळणी, लोकेशन एवढंच त्यात आहे. याला पाळत म्हणणं मला पटत नाही. यूट्यूबवर पालकांच्या देखरेखीखालचं मुलाचं खातं असतं, त्यात मजकुराचे तीन स्तर असतात, त्यातला सर्वांत खालचा निवडा. आणि आपल्या फोनचा कोड म्हणून वाढदिवसाची तारीख ठेवू नका. मुलं बोटांकडे बघून कोड पाठ करतात.

आगाशी

मी बावीस वर्षं पाचवी ते सातवीच्या वर्गांना शिकवते आहे. टॅबवर मर्यादा घातलीत याला माझा विरोध नाही. तो खेळायला गेलेला असताना घातलीत याला आहे.

सासूबाईंच्या शटरचंच उदाहरण घ्या. कुलूप लागलं की टीव्ही सगळ्या घराचा बंद व्हायचा. दहावीच्या वर्षी केबल काढायचे, तेव्हा आजोबांच्या बातम्याही जायच्या आणि आईची मालिकाही. मूल बघत असायचं की माझ्यासाठी सगळे काहीतरी सोडताहेत. म्हणून कोणी काही बोललं नाही. आज आपण कुलूप फक्त मुलाला लावतो आणि त्याच्याच शेजारी सोफ्यावर बसून रील्स बघतो. तुमचा मुलगा नेमकं हेच विचारतोय. मला त्यात उद्धटपणा दिसत नाही.

खिंडवाट

आगाशीबाई, तुमचा मान राखून असहमत. मुलाला विचारून आपण लस टोचतो का?

माझी मुलगी नऊ वर्षांची. साधा रंग भरायचा खेळ होता, त्याच्या आत चॅट आहे हे आम्हाला माहीतच नव्हतं. एक दिवस तिनं सहज विचारलं, "बाबा, आपल्या शाळेचं पूर्ण नाव काय?" कशाला म्हणून बघितलं तर पलीकडून कोणीतरी आधी तिचं वय, मग गाव आणि मग शाळा विचारत आलं होतं. तिला तो मित्र वाटत होता. त्या रात्री मला झोप लागली नाही. दुसऱ्या दिवशी सगळं बंद केलं, चर्चा केली नाही, आणि पुढेही करणार नाही. मी दिवसभर कामासाठी फोन वापरतो, तिला खेळायला फोन लागतो. या दोन गोष्टी सारख्या नाहीत, तेव्हा "बाबांच्या फोनला का नाही" याचं उत्तर "कारण बाबा बाबा आहेत" एवढं पुरेसं आहे.

अबोली_१९

मी सहसा फक्त वाचते, पण आज लिहिते.

मी पंधरा वर्षांची असताना घरच्यांनी माझ्या फोनमध्ये एक लपवलेलं ॲप टाकलं होतं. मेसेज, फोटो, सगळं त्यांना दिसायचं. मला कळलं कसं? मी फक्त एका मैत्रिणीला लिहिलेलं वाक्य आईच्या तोंडून जसंच्या तसं आलं. मी भांडले नाही. मैत्रिणीच्या ताईचा जुना फोन मागून घेतला, सिम दुसरं घेतलं आणि घरचा फोन घरच्यांना बघण्यासाठी ठेवला. त्यात अभ्यासाचे ग्रुप आणि सुविचार.

अकरावीत एका मुलानं माझा फोटो बदलून धमकी दिली, ती त्या दुसऱ्या फोनवर आली. घरी सांगायचं म्हणजे आधी तो फोन कुठून आला ते सांगायला हवं होतं. तीन आठवडे मी कोणालाही काही सांगितलं नाही. शेवटी मामींना सांगितलं, त्यांनी पुढचं सगळं केलं.

खिंडवाटकाका, तुमची काळजी मला समजते. पण तुमच्या मुलीनं त्या दिवशी तुम्हाला विचारलं, म्हणून ती वाचली. कुलूप तर तुम्ही दुसऱ्या दिवशी लावलंत.

खिंडवाट

अबोली बाळा, तुझं दोनदा वाचलं. तुझ्यावर जे आलं ते कोणत्याच मुलीवर येऊ नये. लपवून मेसेज वाचणं चूक, हे मी मान्य करतो, आणि मी ते करत नाही. पण तेव्हा तू पंधरा वर्षांची होतीस, माझी नऊ वर्षांची आहे. नऊ वर्षांच्या मुलीनं दर वेळी मला येऊन विचारावं, यावर मी तिची सुरक्षा सोडू शकत नाही.

एकच_फोन

सगळ्यांचं वाचलं. आमच्याकडे टॅब नाही, मुलाचा वेगळा फोनही नाही. मी पोळीभाजी केंद्र चालवते. ऑर्डर, पैसे, शाळेचा ग्रुप, सगळं माझ्या एकाच फोनवर. संध्याकाळी गृहपाठासाठी फोन मुलाच्या हातात जातो, तो तासाभरानं परत येतो. गेल्या महिन्यात त्यानं चुकून एका गिऱ्हाइकाला ऑर्डर रद्द असा मेसेज पाठवला. तुमचं फॅमिली लिंक आमच्या काय कामाचं?

पिंपळपान

ताई, तुमचा प्रश्न सगळ्यात महत्त्वाचा आहे. आपल्याकडे खूप घरांत हेच चित्र आहे. फॅमिली लिंक मुलाच्या स्वतःच्या खात्यावर चालतं, तुमच्या खात्यावर नाही. तुमच्यासाठी तीन गोष्टी.

बहुतेक अँड्रॉइड फोनमध्ये सेटिंग्जच्या सुरक्षा विभागात "ॲप पिन करा" असा पर्याय असतो. तो चालू करताना "पिन काढताना कोड विचारा" हेही चालू करा. मग गृहपाठाची फाइल उघडायची, ती पिन करायची आणि फोन द्यायचा. तुमच्या कोडशिवाय त्याला त्या ॲपच्या बाहेर पडता येणार नाही. काही फोनमध्ये दुसरा वापरकर्ता तयार करण्याची सोय असते, ती असेल तर उत्तमच. त्यात तुमच्या ऑर्डर आणि पैशांची ॲप दिसणारच नाहीत. आणि प्ले स्टोअरमध्ये प्रत्येक खरेदीला पासवर्ड विचारला जाईल असं आजच करून ठेवा.

कडेगावकडचा

"बाबांच्या फोनला का नाही" यावरून आमच्या तालुक्यातली गोष्ट सांगतो. सांगली जिल्ह्यातलं मोहित्यांचे वडगाव. २०२२ च्या १५ ऑगस्टला गावानं ठरवलं, रोज संध्याकाळी सातला भोंगा वाजेल आणि दीड तास टीव्ही-मोबाइल बंद. मुलांनी अभ्यास करायचा, मोठ्यांनी वाचायचं नाहीतर बोलत बसायचं. भोंगा सगळ्या गावाला होता, फक्त पोरांना नाही.

त्याच वर्षी यवतमाळ जिल्ह्यातल्या बान्सी गावानंही ठराव केला, पण तो होता १८ वर्षांखालच्यांना मोबाइलबंदीचा. हेतू दोन्हींचा चांगलाच. पण मला कोणी विचारलं तर मी वडगावच्या बाजूला. बाप देवळाच्या पायरीवर बसून फोन चोळतोय आणि पोराला बंदी, हे पोराच्या गळी उतरत नाही.

पिंपळपान

भोंगा मलाही आवडला. पण डोंबिवलीत संध्याकाळी सातला आईबाप लोकलमध्ये उभे असतात. भोंगा वाजला तरी ऐकायला घरात कोण? मूल दुपारी अडीचला शाळेतून येतं ते थेट सातपर्यंत एकटं. त्या साडेचार तासांत समोर काय येतं, याला घरातली शिस्त पुरत नाही. तिथे चाळणीच लागते. सगळ्यांनी फोन ठेवल्यानं रात्रीची झोप वाचेल, अश्लील साइट अडणार नाही.

यारा_नदी

मेलबर्नहून लिहितेय. इथे १० डिसेंबर २०२५ पासून सोळा वर्षांखालच्या मुलांना सोशल मीडियावर खातं ठेवता येत नाही. दंड कंपनीला, मुलाला किंवा आईवडिलांना नाही. माझ्या चौदा वर्षांच्या मुलाचं खातं गेलं. मला आनंद झाला आणि आठवडाभरात कळलं की खात्याशिवायही यूट्यूब बघता येतं. कायद्यानं मला एक आधार दिला, "सगळ्यांचंच बंद आहे" असं त्याला सांगता येतं. पण रात्री फोन कुठे ठेवायचा हे आम्हालाच ठरवावं लागलं.

आगाशी

पिंपळपान, चाळणीचा मुद्दा मान्य. मी चाळणीच्या विरोधात नाहीच.

आपल्याकडचा कायदाही बघा. २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक विदा (डेटा) संरक्षण कायद्यातलं कलम ९ म्हणतं, १८ वर्षांखालच्या मुलाची माहिती वापरण्याआधी पालकांची पडताळून पाहता येईल अशी संमती हवी, आणि मुलांचा माग काढायला, त्यांच्या वागण्यावर नजर ठेवायला, त्यांना लक्ष्य करून जाहिराती दाखवायला कंपन्यांना मनाई. नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये आले, ही तरतूद लागू व्हायला त्यानंतर १८ महिने दिले आहेत. म्हणजे मुलाच्या वागण्याचा माग काढणं वाईट, हे संसदेनं मान्य केलं. मग अबोलीच्या फोनमध्ये होतं तसलं ॲप आपण आपल्या हातानं का टाकावं?

खिंडवाट

त्याच कलमात संमती पालकांचीच मागितली आहे ना, बाई? म्हणजे राखण करायचं काम कायद्यानंही आमच्यावरच टाकलं.

आगाशी

राखण करा की. राखणदार शेतात उघडपणे उभा असतो, सगळ्यांना दिसतो.

शमी

आठवडा झाला, काय झालं ते सांगते.

मंगळवारी टॅब नऊला बंद झाला. दहाला बघितलं तर मुलगा आजीच्या खोलीत, आजीच्या फोनवर. आजी झोपलेल्या. म्हणजे माझी दोन तासांची मेहनत दोन दिवस टिकली. आधी खूप राग आला. मग अबोलीचं लिहिलेलं आठवलं, आणि ओरडायच्या ऐवजी त्याच्या शेजारी बसले.

बुधवारी टॅब दोघांनी मिळून उघडला. मी लावलेली एकेक गोष्ट त्याला दाखवली. वेळेवर तो फार भांडला नाही. लोकेशनवर भांडला. म्हणाला, "मी शाळा, क्लास आणि घर याशिवाय कुठे जातो?" खरंच कुठेच जात नाही. ते बंद केलं. शनिवारी अर्धा तास जास्त मागितला, तो दिला. चाळणी आणि ॲपची मंजुरी यावर बोलणं होणार नाही, हेही सांगितलं. का, तेही सांगितलं. खिंडवाटदादा, तुमच्या मुलीची गोष्ट त्याला सांगितली, नाव-गाव न घेता. तो बराच वेळ काही बोलला नाही. मग म्हणाला, मलाही एकानं गेममध्ये असंच विचारलं होतं. हे मला आजवर माहीत नव्हतं.

नऊला सगळ्यांचे फोन हॉलमधल्या फडताळावर चार्जिंगला, असं ठरवलं. नवऱ्याला परदेशातल्या गिऱ्हाइकांचे रात्री कॉल असतात, त्यानं आधी साफ नकार दिला. आता नऊ ते दहा ठेवतो, दहानंतर उचलतो. मुलगा घड्याळ बघत असतो. काल बाबा पावणेदहालाच उठले, तर त्यानं नुसतं त्यांच्याकडे बघितलं. ते परत बसले.

खिंडवाट

मुलानं तुम्हाला ते सांगितलं, बरं झालं. पण लोकेशन बंद केलंत ते मला पटलं नाही. क्लासला तर जातो ना. मी असतो तर ठेवलं असतं, त्याला सांगून ठेवलं असतं. आणि आजीच्या फोनचं काय केलंत? तो तर अजून तसाच उघडा आहे.

शमी

आजींनी स्वतःच पॅटर्न लावून मागितला. तो त्यांच्याशिवाय कोणालाच माहीत नाही, मलाही नाही. आणि नऊला त्यांचा फोन सगळ्यांत आधी फडताळावर असतो. लोकेशनवर मी अजून विचार करतेय.