मदत हवी आहे: सोलापूरच्या उन्हात जुन्या गाडीला ८२चा थर्मोस्टॅट की ८८चा? आणि पेट्रोल कोणतं?

नमस्कार मंडळी,

वडिलांची २००९ची पेट्रोल गाडी आहे, चार सिलिंडर. गेल्या उन्हाळ्यात तुळजापूरच्या घाटात इंजिनच्या तापमानाचा काटा लालपर्यंत गेला. गॅरेजवाल्यांनी थर्मोस्टॅट, म्हणजे इंजिन तापेपर्यंत कूलंटला (इंजिन थंड ठेवणाऱ्या पाण्याला) रेडिएटरकडे जाऊ न देणारी झडप, काढूनच टाकला. आपल्याकडच्या उन्हात तो लागतच नाही म्हणाले. गरम व्हायचं थांबलं खरं, पण आता थंडीत सकाळी होटगी रोडला लागलो की काटा बराच वेळ तळालाच असतो. गाडी अ‍ॅव्हरेज देत नाही आणि ऑइलच्या झाकणाला आतून पिवळट साय धरतेय. इंजिन तापत नसल्यामुळे पेट्रोल जास्त जातंय आणि ऑइलमधला ओलावा उडत नाहीये, हे उघड आहे. थर्मोस्टॅट परत बसवणार, हे नक्की.

जुना डिकीत होता. त्यावर ८८ कोरलंय. पातेल्यात पाणी घेऊन दोऱ्याने टांगून पाहिला, तळाला टेकू दिला नाही. पाणी खळखळा उकळलं तरी अर्धाच उघडला. म्हणजे घाटात त्यानेच दगा दिला असणार.

दुकानदार म्हणतात, सोलापूरला ८२चाच घ्या. पण तो आकडा झडप उघडायला लागते तेव्हाच्या तापमानाचा. पूर्ण उघडल्यावर सगळी भिस्त रेडिएटर, फॅन आणि कूलंटवर. मग मे महिन्यातल्या ४३ अंशांत ८२च्याने काय साधणार? मला कंपनीने दिलेला ८८च बरोबर वाटतो. कोणी इथं ८२चा वापरून खरंच फरक पाहिलाय का?

दुसरं पेट्रोलचं. पंपावर आता ई-२० (२० टक्के इथेनॉल मिसळलेलं पेट्रोल) मिळतं, आणि ही गाडी त्याच्या कितीतरी आधीची. इथेनॉल आपल्याच जिल्ह्यातल्या उसाचं आहे, त्याला माझी ना नाही. पण लिटरमागे त्यात पेट्रोलपेक्षा साधारण एक तृतीयांश ऊर्जा कमी, म्हणजे ई-२०मुळे सहा-सात टक्के अ‍ॅव्हरेज जाणारच. माझं त्याहून बरंच जास्त गेलंय, म्हणून संशय थर्मोस्टॅट नसण्यावर आहे. महागडं १०० ऑक्टेनचं पेट्रोल टाका असा सल्ला मिळतोय. इंजिन नॉक करत नसेल (पेट्रोल अवेळी पेटून खटखट वाजत नसेल) तर जादा ऑक्टेनचा उपयोग काय, हे मला पटत नाही.

खरी काळजी रबराची आहे. २०१०च्या आधीची गाडी ई-२०वर चालवणाऱ्यांनी फ्युएल पाइप, ओरिंग (जोडातली रबरी कडी) बदलले का? इथेनॉलला टिकणारे पाइप सोलापुरात मिळतात की पुण्याहून मागवावे लागतील?