आठ दिवसांत चार बेटं नकोच
मुलींना घेऊन स्कूबा डायव्हिंगला (टाकी लावून पाण्याखाली पोहायला) जाताना आठ दिवसांत चार बेटं करावीत का, असं विचारलंत; तशी केलीत तर निम्मा वेळ बोटीत आणि बॅगा भरण्यातच जाईल हो, एकाच बेटावर रहा, फार तर दोन. नऊ वर्षांच्या धाकटीला पाडी या डायव्हिंग शिकवणाऱ्या संस्थेचा ज्युनियर कोर्स अजून नाही करता येणार, त्याला १० पूर्ण लागतात, पण त्यांचं बबलमेकर, म्हणजे लहान मुलांसाठीची पहिली छोटी डुबकी, ८ पासून चालतं, २ मीटर खोलीपर्यंतच. आमची लेक पहिल्यांदा पाण्याखाली गेली तेव्हा माझं बोट घट्ट धरून होती, मग पोपटमासा कोरल कुरतडताना त्याचा कटकट आवाज ऐकू आला आणि तिने बोट सोडलं! सर्दी असेल तर मात्र कुणालाच उतरवू नका, कानातलं प्रेशर सुटत नाही आणि पडद्याला इजा होऊ शकते. शेवटचा डाइव्ह आणि परतीचं विमान यात किमान १८ तास हवेतच, तो दिवस नुसता वाळूत खेळायला ठेवा.